पैसा सगळ्यांजवळ सारखाच होता, मग एक जिंकला न् एक तळाला कसा गेला?

"ज्याच्याजवळ पैसा, त्याची टीम. बाकी सब झूट." हे वाक्य महिन्याभरात परतवाड्यात इतक्यांदा ऐकलं की आता ते सुरू झालं की मी चहाचा कप खाली ठेवतो. ३१ ऑक्टोबरला प्रो कबड्डीच्या अंतिम सामन्यात दबंग दिल्लीने पुणेरी पलटणला ३१-२८ असं हरवलं, तेव्हा आमच्या टपरीवरचा निकाल होता : "दिल्लीवाल्यायनं पैसा लावला." २०२४ च्या मार्चमध्ये पुणे जिंकलं होतं तेव्हा त्याच बाकड्यावर त्याच माणसांनी सांगितलं होतं : "पुण्यावाल्यायनं पैसा लावला." म्हणजे जिंकला तो पैसेवाला, आणि पुढच्या खेपेला हरला तर तोच गरीब. असा हिशेब माझ्या दुकानात कोणी मांडला असता तर मी त्याला गल्ल्याजवळ उभं राहू दिलं नसतं.

ही नुसती टपरीवरची बडबड असती तर मी एवढं लिहीत बसलो नसतो. पण आता सोयाबीन निघालं, कापूस घरात येतो आहे, आणि अचलपूर, चांदूर बाजार, अंजनगाव, दर्यापूर या पट्ट्यात गावोगाव कबड्डीचे बॅनर लागतील. आमच्या भागातल्या एका मंडळाच्या बैठकीत मी एक साधी सूचना केली : बाहेरून आणलेल्या खेळाडूंवर मर्यादा घाला. तिथे मला हेच वाक्य ऐकवण्यात आलं. "काका, पैशाबिगर टीम होते का? नियम कायले लावता? ज्याची ताकद आहे त्यानं आणावं." म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. लांब आहे. वेळ असेल तेव्हा वाचा, पण शेवटपर्यंत वाचा आणि मगच शिव्या द्या.

आधी प्रो कबड्डीचा नियम समजून घ्या. तिथे मालक कितीही गब्बर असो, खेळाडूंवर खर्च करायची थैली प्रत्येक संघाला सारखीच मिळते. दहाव्या हंगामापासून ती ५ कोटींची आहे. खेळाडूंचे चार गट, त्यांच्या पायाभूत किमती ३० लाख, २० लाख, १३ लाख आणि ९ लाख. जे खेळाडू आधीच आपल्याकडे ठेवले त्यांचे पैसे याच थैलीतून वजा होतात, उरलेल्यात लिलाव खेळायचा. मालकाच्या घरी पाचशे कोटी पडून असले तरी तो सहावा कोटी काढू शकत नाही. तेव्हा "पैसा लावला" हे वाक्य इथे बसतच नाही. पैसा सगळ्यांनी सारखाच लावला. फरक पडला तो कुठे लावला यात.

आता दहाव्या हंगामाचा लिलाव आठवा, ऑक्टोबर २०२३. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतलं. तोवर कबड्डीत एवढी बोली कोणावर लागली नव्हती. थैलीचा निम्म्याहून जास्त भाग एका माणसावर. पवन म्हणजे काय खेळाडू आहे हे मी सांगायची गरज नाही, त्याने त्या हंगामातही चढायांवर चढाया केल्या, गुण आणले. आणि टायटन्स? बारा संघांत बारावे. तळाला. एक माणूस चढाई करून येतो, दोन गुण आणतो, आणि पुढच्याच चढाईत समोरचा येऊन तुमच्या कोपऱ्यातून तीन उचलून नेतो. पवनने काय करायचं? एकट्याने सात जागी उभं राहायचं का?

त्याच लिलावात पुण्याने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. आता इथे हुशार माणूस मला लगेच अडवेल, की पुण्यानेही जवळपास निम्मी थैली एकाच माणसावर ओतली, मग टायटन्स मूर्ख आणि पुणे शहाणं कसं? प्रश्न रास्त आहे. बैठकीत कोणी विचारला नाही, पण विचारायला हवा होता.

उत्तर संत्र्याच्या बागेत आहे. आपल्याकडे आंबिया बहाराची बाग दोन प्रकारे घेता येते. एक, फळ पिवळं झाल्यावर, बाजार तेजीत असताना, टनाच्या भावाने. दुसरी, झाडाला फुलोरा असताना किंवा फळ लिंबाएवढं असताना, ठोक्याने. दुसऱ्या प्रकारात जोखीम असते. गळ लागली, गारपीट झाली तर बुडाला. पण ज्याला झाड कळतं, पाणी कळतं, बागवान कसा आहे ते कळतं, तो व्यापारी तिथेच कमावतो. पिवळं फळ कोणीही ओळखतो हो. त्यासाठी डोकं लागत नाही, नोटा लागतात.

पुण्याने आपली बाग फुलोऱ्यात घेतली होती. अस्लम इनामदार, मोहित गोयत ही पोरं आठव्या हंगामात आली तेव्हा त्यांचं नाव कोणाला माहीत नव्हतं. लीगमध्ये नवे तरुण खेळाडू लिलावाच्या बाहेर करारात घ्यायची सोय आहे. पुण्याने ती सोय धर्मादाय खात्यासारखी न वापरता धंद्यासारखी वापरली. 'युवा पलटण' नावाने तरुण पोरं जमवली, शिकवली, आणि वर आणली. नगर जिल्ह्यातल्या गरीब घरातला अस्लम दोन हंगामांत कर्णधार झाला आणि दहाव्या हंगामात संपूर्ण लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला. आकाश शिंदे, पंकज मोहिते, गौरव खत्री, अबिनेश नादराजन, संकेत सावंत, हे सगळे असेच हाताशी ठेवलेले. बोली-युद्धात विकत घ्यायला गेले असते तर यांच्यापैकी तिघांतच थैली रिकामी झाली असती.

म्हणून शादलूवर २ कोटी ३५ लाख टाकताना पुण्याला नेमकं माहीत होतं की आपल्याला काय कमी आहे. चढाई करणारे घरचे होते. बचावात एक कणा हवा होता. त्याआधीच्या वर्षी फझल अत्राचली होता, त्याला सोडलं आणि त्या भोकावर पैसा लावला. टायटन्सने आधी नट आणला आणि मग नाटक शोधत बसले. शादलू त्या हंगामात पकडींमध्ये पहिला आला, पुणे गुणतालिकेत पहिलं आलं, आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ ने हरवून पहिल्यांदा चषक घेतला. प्रशिक्षक बी. सी. रमेश. त्याआधीच्या हंगामात हेच पुणे अंतिम फेरीत जयपूरकडून हरलं होतं. तेव्हा कोणी संघ मोडला नाही, पोरांना हाकललं नाही. आपल्याकडे फायनल हरलेल्या संघाचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, जर्सी परत मागतात.

"म्हणजे शादलूच जिंकवतो ना मग! तो जिकडे, चषक तिकडे." हेही ऐकलं. अर्धवट माहितीचं हे उत्तम उदाहरण. खरं आहे की अकराव्या हंगामात पुण्याला तो ठेवता आला नाही, हरियाणाने २ कोटी ७ लाखांना नेला, आणि २९ डिसेंबर २०२४ ला पुण्याच्याच बालेवाडीत हरियाणाने पाटण्याला ३२-२३ ने हरवून चषक उचलला. अस्लमला दुखापत झाली आणि गतविजेतं पुणे बाद फेरीतही पोचलं नाही. पण पुढे बघा. बाराव्या हंगामात शादलू २ कोटी २३ लाखांना गुजरातकडे गेला. फायनलला कोण होतं? दिल्ली आणि पुणे. आणि मागे बघायचं तर नवव्या हंगामात तो पाटण्याकडे होता, पाटणा पहिल्या सहात नव्हतं. माणूस एकच, हात तेच, पकड तीच. हरियाणाकडे तेव्हा मनप्रीत सिंग प्रशिक्षक होता, तोच त्याच्या आधीच्या वर्षी संघाला फायनलपर्यंत घेऊन आला होता. घडी बसलेली होती, कणा मिळाला, चालली गाडी.

पाटण्याची गोष्ट तर आमच्या मंडळाच्या कार्यालयात फ्रेम करून लावावी अशी. तिसरा, चौथा, पाचवा, असे सलग तीन हंगाम पाटणा जिंकलं. प्रदीप नरवाल म्हणजे डुबकी, आणि डुबकी म्हणजे पाटणा, असं समीकरण होतं. आठव्या हंगामाच्या आधी तोच प्रदीप सुटला. युपी योद्धाने त्याला १ कोटी ६५ लाखांना घेतलं, तेव्हाची ती विक्रमी बोली. सगळे म्हणाले पाटणा संपलं. पाटण्याने उरलेल्या पैशात चांगले सात-आठ जण गोळा केले, इराणचं एक अनोळखी पोरगं ३१ लाखांना उचललं, आणि गुणतालिकेत पहिला नंबर काढला. फायनल दिल्लीकडून ३७-३६ अशी एका गुणाने गेली. ते ३१ लाखांचं पोरगं म्हणजे शादलू. फुलोऱ्यात घेतलेली बाग, दुसरं काय.

आणि तमिळ थलायवाज! नवव्या हंगामात त्यांनी पवन सेहरावतला २ कोटी २६ लाखांना घेतलं आणि पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला. पूर्ण हंगाम तो बाहेर. सगळ्यात महागडा खेळाडू बाहेर बसून पाहतो आहे आणि नरेंदरसारखी नवी पोरं खेळताहेत. थलायवाज उपांत्य फेरीत गेले. त्याआधी त्या संघाने कधी बाद फेरीचं तोंड पाहिलं नव्हतं.

हा नियम काही आपण शोधला नाही. अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमध्ये, एनबीएमध्ये, १९८४-८५ पासून पगाराची मर्यादा आहे. तेव्हा ती संघामागे ३६ लाख डॉलर होती, आज कुठल्या कुठे गेली. त्यांचा नियम आपल्यासारखा कडक नाही. स्वतःचा जुना खेळाडू ठेवायचा असेल तर मर्यादा ओलांडायची मुभा असते, त्यावर दंडाचा कर भरावा लागतो, आणि नव्या खेळाडूंच्या निवडीत कमजोर संघांना आधीचा नंबर मिळण्याची शक्यता जास्त. या सगळ्या फटींतून शहाणे संघ वाट काढतात. गोल्डन स्टेट वॉरियर्सने २०१२ मध्ये स्टीफन करीशी चार वर्षांचा ४ कोटी ४० लाख डॉलरचा करार केला. घोट्याच्या दुखापतींमुळे तेव्हा त्याची किंमत पडलेली होती. मग करी जगातला सर्वोत्तम नेमबाज झाला आणि पगार तोच राहिला. २०१६ मध्ये टीव्हीच्या नव्या करारामुळे मर्यादा एका फटक्यात ७ कोटींवरून ९ कोटी ४१ लाख डॉलरवर गेली, आणि वॉरियर्सने त्या रिकाम्या जागेत केविन ड्युरंट बसवला. पुढची दोन्ही विजेतेपदं त्यांची. नशीब म्हणा. पण नशिबाने दार वाजवलं तेव्हा हे घरी होते.

मला त्याहून आवडते ती ओक्लाहोमा सिटीची गोष्ट. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिससमोर ते म्हणजे मुंबई-पुण्यासमोर आपलं अमरावती-अकोला समजा. २०१९ मध्ये त्यांनी आपला मोठा खेळाडू पॉल जॉर्ज लॉस एंजेलिसच्या क्लिपर्सना दिला आणि बदल्यात शे गिल्जस-अलेक्झांडर नावाचा तरुण खेळाडू आणि पुढच्या अनेक वर्षांचे निवडीचे हक्क घेतले. लोक हसले. त्याच हक्कांपैकी एकातून २०२२ मध्ये जेलन विल्यम्स आला. २०२५ मध्ये ओक्लाहोमा सिटी विजेते. २०१९ ते २०२५ या सात वर्षांत तिथे सात वेगवेगळे विजेते झाले. आणि २०२३ च्या करारात वरची मर्यादा इतकी आवळली की २०२४ चा विजेता बॉस्टन संघ पुढच्याच वर्षी आपले खेळाडू सोडायला लागला. जिंकलात, आता महाग झालात, वाटा लोकांना.

आता यावर टाळ्या वाजवणाऱ्यांसाठी एक कडू गोष्ट. माझ्याच बाजूचे लोक मर्यादा म्हणजे न्याय, समता, सामाजिक क्रांती असं बोलायला लागतात तेव्हा मला थांबवावंसं वाटतं. मर्यादेने संघासंघांत समता येते. खेळाडूच्या खिशात काय येतं ते वेगळं बघावं लागतं. प्रो कबड्डीचे २०२१ ते २०२५ या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क ९०८ कोटी ७० लाखांना गेले. वर्षाला सुमारे १८१ कोटी. बारा संघांच्या थैल्या मिळून ६० कोटी. म्हणजे नुसत्या टीव्हीच्या पैशाच्या तिसऱ्या हिश्श्यात सगळे खेळाडू. आयपीएलचं तर विचारूच नका. २०२३ ते २०२७ च्या हक्कांचे ४८,३९० कोटी, वर्षाला जवळपास ९,६७८ कोटी. २०२५ मध्ये दहा संघांची लिलावाची थैली प्रत्येकी १२० कोटी, सामन्याचं मानधन वगैरे सगळं धरून मर्यादा १४६ कोटी. दहांचे मिळून १,४६० कोटी. पंधरा टक्के! एनबीएत खेळाडूंना उत्पन्नाचा जवळपास निम्मा वाटा मिळतो, कारण तिथे मर्यादा किती असावी हे ठरवताना समोरच्या खुर्चीत खेळाडूंची संघटना बसलेली असते. आपल्याकडे ती खुर्चीच नाही.

याचं जवळचं उदाहरण द्यायचं तर अमरावतीच्या जितेश शर्माचं. मुंबई इंडियन्सच्या बाकावर बसून परत आलेला हा पोरगा २०२२ मध्ये पंजाबने २० लाखांच्या बोलीवर घेतला. तीन हंगाम पंजाबकडे खेळला, षटकार मारले, २०२३ मध्ये भारताकडून खेळला. त्याची खरी किंमत काय हे बाजाराला कळायला नोव्हेंबर २०२४ चा मोठा लिलाव यावा लागला. बंगळुरूने ११ कोटींना घेतला. २० लाख ते ११ कोटी, पंचावन्न पट. मे २०२५ मध्ये लखनौविरुद्ध २२८ चा पाठलाग करताना बदली कर्णधार म्हणून त्याने ३३ चेंडूंत नाबाद ८५ केल्या आणि पुढच्या आठवड्यात बंगळुरूने अठरा वर्षांनी चषक पाहिला. त्याच लिलावात ऋषभ पंत २७ कोटींना, सगळ्यांत महाग गेला होता. त्याचा लखनौ संघ पहिल्या चारातही आला नाही. पंजाबने त्या तीन वर्षांत स्वस्तात मिळवलं ते नियमाच्या जोरावर, बंगळुरूने मिळवलं ते पारखीच्या जोरावर. मधल्या तीन वर्षांची भरपाई जितेशला कोण देणार?

म्हणून मर्यादा हवी, पण ती ठरवताना खेळणारा समोर हवा, असं माझं म्हणणं आहे. हे लक्षात ठेवा, खाली कामी येईल.

विदर्भाचा रणजी संघही डोळ्यांसमोर ठेवा. तिथे थैली वगैरे नाही, पण एक नियम आहे : बाहेरच्या राज्यातले व्यावसायिक खेळाडू जास्तीत जास्त तीन. दशकानुदशकं आपण रणजीत मार खात आलो. मग नागपुरात अकादमी उभी राहिली, चंद्रकांत पंडितसारखा कडक प्रशिक्षक आणला, आणि बाहेरचे खेळाडू निवडताना नावापेक्षा उपयोग पाहिला. वसीम जाफर आला तो नुसत्या धावा करायला आला नव्हता, पोरांना डाव कसा लांबवायचा ते शिकवायला आला होता. फैज फझलच्या हाताखाली २०१७-१८ आणि २०१८-१९ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं. २०२४-२५ मध्ये पुन्हा, अक्षय वाडकर कर्णधार. करुण नायरने फायनलला शतक ठोकलं हे खरं, पण त्या हंगामात ६९ बळी घेऊन रणजीचा विक्रम मोडणारा हर्ष दुबे आणि धावांत सगळ्यांच्या पुढे असलेला यश राठोड हे इथलेच. अकोल्याचा अथर्व तायडे इथलाच. तीनाची मर्यादा नसती तर काय झालं असतं? एखाद्या उद्योगपतीच्या चेकवर अकराच्या अकरा बाहेरचे आले असते, एखादा चषक आला असता, आणि अकोल्याच्या मैदानावरच्या पोराला कोणी विचारलं नसतं.

आता येऊ आपल्या मातीवर.

ज्या अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं, ज्या मंडळाच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी जगाला कबड्डी दाखवली, त्या अमरावतीतल्या किती पोरांची नावं तुम्ही प्रो कबड्डीच्या पडद्यावर पाहता? बोटं मोजा. हरियाणाची गावंच्या गावं तिथे खेळतात. आपण १९३६ चा फोटो दाखवतो. (अचलपूर जिल्हा कधी होणार आणि शकुंतला कधी धावणार, हे त्याच फायलीतले विषय आहेत, पण ते पुन्हा कधी.)

याचं एक कारण आपण स्पर्धा कशा भरवतो यात आहे, असं मी छातीवर हात ठेवून सांगतो. मी स्वतः पासष्ट किलो गटात अठरा वर्षं खेळलो, उजवा कोपरा सांभाळला, गुडघ्याने साथ सोडली तेव्हा शिटी हातात घेतली. तेव्हा जे सांगतो ते मैदानाच्या रेषेवरून पाहिलेलं आहे. पद्धत अशी. कोणीतरी भावी नेता, म्हणजे ज्याचं तिकीट अजून ठरायचं आहे असा, पहिलं बक्षीस जाहीर करतो. रक्कम बॅनरवर त्याच्या फोटोखाली, फोटोपेक्षा थोडी लहान. ती रक्कम पाहून दोन-तीन तगडी मंडळं बाहेरून खेळाडू उचलतात. जाण्या-येण्याचा खर्च, राहणं-खाणं, सामन्यामागे रोख. सातपैकी पाच, कधी सहा बाहेरचे. गावच्या नावाची जर्सी, पण आत गाव नाही. गावातली जी पोरं वर्षभर पहाटे पाचला उठून, थंडीत, मातीवर घाम गाळतात, ती त्या दिवशी काय करतात? पाण्याच्या बाटल्या देतात. स्पर्धा संपते, पाहुणे बक्षिसातला आपला वाटा घेऊन रात्रीच्या गाडीने जातात, आणि मंडळाच्या हातात एक चषक आणि मंडपवाल्याची उधारी राहते.

गेल्या वर्षी एका स्पर्धेत मी पंच होतो. गाव सांगत नाही, मंडळही सांगत नाही. तिथला एकोणीस वर्षांचा एक पोरगा, बाप दुसऱ्याच्या शेतात सालदार, पोराची बोनसवरची नजर अशी की मी वीस वर्षांत पाहिली नाही. साखळी फेरीत दोन सामने खेळला, दोन्हीत भारी पडला. उपांत्य फेरीला बाहेरचे तिघे उशिरा पोचले आणि त्याला बसवलं. सामना हरले. बसवणाऱ्यांना मी विचारलं तर म्हणाले, "काका, पैसे देऊन आणले त्यायले, बसवाचं कसं?" हे वाक्य पुन्हा वाचा. पैसे दिले म्हणून खेळवायचं, खेळतो म्हणून पैसे द्यायचे नाहीत. तो पोरगा आता औरंगाबादकडे एका गोदामात कामाला आहे. कबड्डी सुटली.

यावर जी उत्तरं मला बैठकीत मिळाली ती प्रामाणिकपणे मांडतो.

पहिलं, "मोठे खेळाडू नसले तर पब्लिक येत नाही." थोडं खरं आहे. म्हणून मी बंदी मागितलीच नाही, मर्यादा मागितली. दोन चांगले पाहुणे आणा ना. पण पब्लिक कशाला ओरडते ते मैदानावर उभं राहून ऐका. आपल्या आळीचा पोरगा तीन जणांच्या मिठीतून हात रेषेला लावतो तेव्हा जो गलका होतो, तो पाहुण्याच्या पाच गुणांना होत नाही.

दुसरं, "बाहेरच्यांकडून आपले पोट्टे शिकतात." शिकतात, सोबत खेळले तर. बाटल्या देऊन कोणी थाय पकड शिकत नाही. विदर्भाच्या पोरांना जाफरकडून शिकता आलं कारण ती त्याच्यासोबत बॅटिंग करत होती.

तिसरं कोणी उघड बोललं नाही, पण खोलीत होतं. नियम लावला तर बक्षीस देणारा नाराज होईल. त्याला दिमाख हवा, मोठी नावं हवी. होऊ द्या नाराज. वर्गणी आपल्याच दुकानांतून जाते, पावत्या माझ्याकडे आहेत. त्यांची बेरीज बॅनरवरच्या रकमेपेक्षा फार मागे नसते, आणि काही वर्षी तर पुढेच असते. फोटो मात्र एकाचाच.

तेव्हा माझी मागणी लेखी देतो, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की काका हवेत बोलले. बारा जणांच्या संघात बाहेरच्या जिल्ह्यातले तीन, आणि एका वेळी मैदानात त्यांतले दोन. बाकीचे त्याच तालुक्यातले, आधार कार्ड दाखवून. खेळाडूंच्या मानधनाची एकूण मर्यादा प्रत्येक संघाला सारखी, आणि ती किती हे ठरवताना प्रत्येक गावातला एक खेळणारा पोरगा बैठकीत बसलेला. चहा द्यायला नाही, मत द्यायला. त्या मानधनातला निदान निम्मा भाग गावच्या खेळाडूंना, चेकने किंवा फोनवरून थेट खात्यात. गेल्या वर्षी तळाला राहिलेल्या गावाला पाहुणा निवडायचा पहिला मान, ही कल्पना अमेरिकेची आहे पण आपल्याकडे चालेल. आणि पहिल्या बक्षिसातून दर वर्षी एक ठरावीक रक्कम कापून सोळा वर्षांखालच्या पोरांची साखळी स्पर्धा. मॅट भाड्याने आणलेलीच असते, अजून दोन दिवस ठेवायची.

"कोण पाळणार हे नियम? मानधन टेबलाखालून जाईल." जाईल, काही ठिकाणी नक्की जाईल. म्हणून सगळ्या मंडळांची एकच वही करा आणि ती दर रविवारी मंदिराच्या ओट्यावर उघडी ठेवा. संत्र्याच्या सौद्यात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचे तेव्हाही गावात कोणाला काय भाव मिळाला ते संध्याकाळपर्यंत कळायचंच. कबड्डीत तर गाव लहान आणि तोंडं जास्त.

मंडळाची पुढची बैठक येत्या रविवारी सकाळी नऊला आहे. वरची मागणी मी दोन पानांवर टाइप करून घेतली आहे, खाली चौदा गावच्या पोरांच्या सह्या आहेत, अजून सहा गावं बाकी आहेत. ज्यांच्या गावाची सही राहिली त्यांनी शनिवार संध्याकाळपर्यंत दुकानावर यावं, आणि ज्यांना विरोध करायचा आहे त्यांनी रविवारी गेल्या तीन वर्षांच्या खर्चाची वही सोबत आणावी. मी माझी आणतो आहे.